केलरमधली सीट

न्युरेम्बर्गच्या लांगवासर भागातल्या सुपरमार्केटसमोर एका फुलवाल्याने व्हॅन मागे घेताना विपुलच्या छोट्या गाडीचं मागचं दार आत घातलं, तेव्हा विपुल आत दूध घेत होता. म्हाताऱ्या फुलवाल्याने माफी मागून मागून जीव नकोसा केला आणि चूक सरळ कबूल केली. त्यामुळे दुरुस्ती आणि तोवरची भाड्याची गाडी, दोन्ही त्याच्या विमा कंपनीकडून मिळणार होत्या.

विमा कंपनीतली बाई फोनवर गोड बोलत होती, पण नियमाला पक्की होती. तुमची गाडी ज्या गटातली, त्याच गटातली मिळेल, आणि त्यात सध्या दोन दारांची एकच शिल्लक आहे, म्हणाली. विपुलची आई लीलाबाई नागपूरहून आली होती. पुढच्या सीटवर बसायला ती घाबरायची, आणि तिच्या गुडघ्यांची अवस्था अशी होती, की दोन दारांच्या गाडीत मागे शिरणं तिला जमलंच नसतं. विपुलने एवढंच सांगायला हवं होतं. पण आईचे गुडघे जर्मनमध्ये मांडायची त्याला लाज वाटली. शिवाय ऑफिसातला कपिल सकाळीच म्हणाला होता, "किंड आहे म्हण. मूल म्हटलं की इथे कुणी नाही म्हणत नाही."

"आमच्याकडे लहान मूल आहे," विपुल म्हणाला.

"अरे वा, केवढं?"

"अडीच वर्षांचं. मुलगी."

आकडा जिभेवर तयारच होता. बायकोला, क्रांतीला, सातव्या महिन्यात इथल्याच हॉस्पिटलात नेलं होतं आणि दोघं रिकाम्या हातांनी परतली होती. ती मुलगी जगली असती, तर आता अडीच वर्षांची असती. धम्मदीपा. नाव दोघांनीच ठरवलेलं, तिसऱ्या माणसाला सांगितलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर विपुलचे कान तापले. गाडीसाठी आपण काय वापरलं, हे क्रांतीला कळलं तर ती आपल्याकडे पुन्हा पहिल्यासारखं बघणार नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चांगली ऐसपैस गाडी आली. मागे डाव्या बाजूला लहान मुलाची सीट बसवलेली होती. विपुलने ती घाईघाईने काढली, तळघरातल्या आपल्या केलरमध्ये सुटकेसच्या मागे कोंबली आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. केलर म्हणजे नुसता ओल आलेला, फळकुटांचा पिंजरा, नोव्हेंबरात तर बर्फघरच.

संध्याकाळी तो आईला घेऊन भाजी आणायला निघाला. आई मागे उजवीकडे बसली. गाडी हलली आणि डॅशबोर्डवर लाल खूण लागली, मागे डावीकडे कुणीतरी पट्टा लावलेला नाही म्हणून. मग गाडी टुणटुणायला लागली. विपुलने उतरून डावीकडची सीट हाताने चाचपली. रिकामी होती. भाड्याच्या गाड्यांचे सेन्सर असेच, असं मनाशी म्हणत तो पुढे निघाला. आवाज थोड्या वेळाने थांबला, खूण मात्र राहिली.

रोज तेच व्हायला लागलं. मागच्या डाव्या काचेवर आतून, खालच्या कडेला, इवली बोटं उमटलेली दिसायची. विपुल ती पुसायचा. आधीच्या गिऱ्हाइकाचं पोर असेल, असं त्याने दोनदा स्वतःला समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं नाही, गुपचूप पुसली.

एकदा जेवताना लीलाबाईंनी विचारलं, "क्रांती, 'मिअर इस्ट काल्ट' म्हणजे काय गं?"

"मला थंडी वाजतेय. का हो आई? कुठे ऐकलंत?"

"गाडीत."

"रेडिओवर असेल," विपुल म्हणाला. आईसोबत असताना त्याने रेडिओ एकदाही लावला नव्हता.

"असेल बापा," लीलाबाई म्हणाल्या आणि भातावर वरण घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या शालीशिवाय दिसल्या. नागपूरहून आणलेली करड्या रंगाची लोकरी शाल त्यांच्या अंगावरून एरवी उतरायची नाही. विपुलने विचारलं, तर म्हणाल्या, "गाडीत ठेवली. तिथे लागते." त्याने गाडीत पाहिलं. शाल तिथे नव्हती. हे आईला सांगायचं त्याला धाडस झालं नाही.

रविवारी म्युनिकला मालिनीमावशीकडे जायचं ठरलं. क्रांती या गाडीत पहिल्यांदाच बसत होती, विपुलच्या शेजारी. लांबच्या प्रवासाआधी त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय लीलाबाई गाडी हलू देत नसत. विहारात वर्षानुवर्षं त्यांनी पोरांना ते शिकवलेलं. तिघांनी हात जोडले. लाल खूण लागलेलीच होती.

पण आज आई वेगळ्याच चालीत म्हणत होती. एकेक ओळ तोडून, सावकाश. प्रत्येक ओळीनंतर थांबायची, लहान मुलांना शिकवताना थांबतात तशी. मग समाधानाने पुढची ओळ घ्यायची.

चौथं शील आलं. खोटं न बोलण्याचं.

विपुलचा आवाज फुटेना. मागे आई थांबली होती.

"म्हण," ती हळूच म्हणाली.

विपुलला वाटलं, आपल्यालाच. त्याने आरशात पाहिलं. आई डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"म्हण ना, धम्मदीपा."

क्रांतीचे जोडलेले हात सुटले. तिने मागे पाहिलं नाही. विपुलकडे पाहिलं.

"आईंना नाव सांगितलंस?"

"नाही. खरंच नाही सांगितलं." कितीतरी दिवसांनी तो धडधडीत खरं बोलत होता, आणि ते त्याचं त्यालाच खोटं वाटलं.

"त्याने कुठलं सांगितलं?" लीलाबाई म्हणाल्या. "तिनेच सांगितलं. मी बोलते ते सगळं कळतं तिला. उत्तर तेवढं जर्मनमध्ये देते."

मग विपुलने सगळं सांगितलं. फोन, मोठी गाडी, अडीच वर्षं. मान वर न करता, स्टिअरिंगशी बोलल्यासारखं. इतका ओशाळा तो आयुष्यात कधी झाला नव्हता. क्रांती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सीट कुठे आहे?" तिने विचारलं.

"केलरमध्ये."

"या थंडीत?"

विपुलने खिशातली किल्ली चाचपली.

"जा. घेऊन ये."

तो जिने उतरला. किल्ली त्या दिवसापासून त्याच्याच खिशात होती आणि आईला तर दोन पायऱ्याही धड उतरता येत नव्हत्या. त्याने कुलूप काढलं, दिवा लावला. श्वासाची वाफ दिसत होती. सुटकेस बाजूला केली.

सीटवर करडी शाल होती. झोपलेल्या पोराला गुंडाळतात तशी, दोन्ही कडा नीट आत खोचलेली.

त्याने शालीच्या आत हात घातला. आत ऊब होती.