कागदामागचं नाव

रघोजींकडे लग्नाचं विचारलेलं चालत नसे. मुलं, आजारपण, काशीयात्रा, काहीच चालत नसे. फक्त नोकरी. "लग्नाचं मज माझंच कळलं नाही," ते म्हणत, "तुमचं काय सांगू?"

१९५८ साली तंजावुरात पितळेच्या भांड्यांच्या दुकानावर त्यांची माडी होती. खालून दिवसभर ठोके ऐकू येत आणि खिडकीतून मोठ्या देवळाचा कळस दिसे. माडीवर हात धरून भविष्य सांगायची पद्धत नव्हती. रघोजी उजव्या तळहाताला शाई लावून कागदावर ठसा घेत, मागे पेन्सिलीनं नाव लिहीत आणि कागद दोरीवर वाळत घालत. वाळल्यावर आधी ठसा वाचायचा, मग उलटून नाव पाहायचं. परीक्षेच्या पेपरासारखं. फल तुमचं, कागद त्यांचा. तो कायम दोरीवर.

मी तुळजाराम, कचेरीतला कारकून. माझं काम लोकांच्या अंगठ्यांचे ठसे घेण्याचं, दिवसाला चाळीस-पन्नास. त्यामुळे हात या अवयवाबद्दल माझ्या मनात भक्तिभाव उरला नव्हता. तरी गेलो, कारण आमचे हेडक्लार्क श्रीनिवासराव निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीला दोनच उमेदवार होते. एक मी. दुसरा समोरच्या टेबलावरचा वैद्यनाथ, माझा मावसभाऊ.

वैद्यनाथात खोट काढायची तर त्याला एकही खोट नव्हती, हीच. अक्षर मोत्यासारखं. वीणा अशी वाजवायचा की गल्लीतली कुत्रीसुद्धा बसून ऐकत. एकदा तार तुटून त्याच्या उजव्या तळव्यावर, तर्जनीखाली, तिरका व्रण राहिला होता. लोक त्या व्रणाचंही कौतुक करत. माझ्या अंगावर देवीचे सतरा व्रण होते. त्यांबद्दल कधी कुणी अवाक्षर काढलं नाही.

आम्ही दोघांनी ठसे दिले. एक वाजला तसे रघोजी उठले. "कॉफी पिऊन येतो. बसा."

वैद्यनाथ खिडकीशी जाऊन कळस पाहू लागला. मी दोरीशी गेलो. माझी भाग्यरेषा मनगटापासून निघून, पापनाशमची पॅसेंजर थांबते तशी, ठिकठिकाणी थांबत तळव्याच्या मध्यावर विरली होती. त्याची एका दमात मधल्या बोटापर्यंत.

खोडरबर कारकुनाच्या खिशात असतंच. दोन नावं खोडायला आणि उलटसुलट लिहायला मला एका मिनिटाहून कमी वेळ लागला. कचेरीत इतक्या वेगानं मी कधीच काम केलं नव्हतं.

रघोजींनी पहिला कागद वाचला. "हा हात वर्षाच्या आत मोठ्या खुर्चीत." उलटून पाहिलं. "तुळजाराम." दुसरा वाचला. "हा आहे तिथंच. खुर्ची मोडली तर तेवढी बदलेल. वैद्यनाथ."

"अभिनंदन रे तुळजा," वैद्यनाथ म्हणाला. तेही मनापासून. असा माणूस सहन कसा करायचा?

चार महिन्यांनी हुकूम आला. हेडक्लार्क मी.

पहिल्याच दिवशी नव्या खुर्चीत बसून सही केली. सहीच्या शेवटी एक गोल वेलांटी आली. ती मी काढली नव्हती. ती वैद्यनाथ काढायचा. शाई जास्त झाली असेल म्हणून मी टीपकागद दाबला.

आठवड्याभरात माझं सगळं अक्षरच सुधारलं. आईला कोण आनंद. "आता कुठे वाचवतं. अगदी आपल्या वैद्याचंच वाटतं."

मग एका सकाळी आंघोळ करताना तर्जनीखाली साबण झोंबला. तिरका व्रण होता. जुना, पांढरट, नीट भरून आलेला.

वैद्यनाथची बहीण सरोजा भेटली तेव्हा म्हणाली, "अण्णानं वीणा सोडली. हात ऐकत नाही म्हणतो. तूच ये ना, नुसतीच पडलीये." मी त्यांच्या घरी गेलो आणि गंमत म्हणून तारेला बोट लावलं. मला सा कुठला आणि प कुठला तेही माहीत नाही. डावा हात मांडीवर ठेवून मी बसलो होतो. उजवा मोकळ्या तारा छेडत राहिला, स्वच्छ, ओळखीचा. स्वयंपाकघरातून मावशी धावत आली, मला पाहून दारातच थांबली आणि परत गेली.

त्यानंतर मला माझ्याच उजव्या हाताचा हेवा वाटू लागला. साहेब त्याच्या टिपणांची तारीफ करत. पाहुणे त्याच्या सहीकडे बघत राहत. मी त्याला फक्त कचेरीत नेत-आणत होतो. सूड म्हणून पंधरा दिवस डाव्या हातानं जेवलो. आईनं मला पंगतीतून उठवलं, एवढंच झालं.

वैद्यनाथ मात्र समोर खाली मान घालून लिहीत असे. त्याचं अक्षर आता बारीक आणि वाकडं झालं होतं. ते मी कुठेही ओळखलं असतं. दुपारच्या सुट्टीत तो रोज कुठेतरी निघून जाई. कुढत असेल, असं मला वाटे. त्यानं मला बरंही वाटे.

शेवटी मी ठरवलं. नावं परत जागच्या जागी लिहायची. खुर्ची गेली तरी चालेल, हात माझा हवा.

सुट्टी होण्याआधीच मी कचेरीतून निघालो. माडी चढलो तर रघोजी अंगरखा चढवत होते.

"बस, तंबी. कॉफी पिऊन येतो."

"माडी अशी उघडीच टाकून जाता?"

"आज तू आहेस. एरवी तुझा भाऊ असतो. रोज एक वाजता येतो, मी येईपर्यंत राखण करतो. भला माणूस."

ते उतरून गेले. मी दोरीशी गेलो आणि पहिला कागद उलटला. खोडलेलं नाव, त्यावर नवं नाव. दुसरा उलटला. तेच. तिसरा. सुब्रमण्यमच्या जागी सूर्यनारायण, सूर्यनारायणच्या जागी सेतुमाधव.

चारही दोऱ्या पाहिल्या. अर्धं गाव तिथं टांगलेलं होतं.

प्रत्येक नाव माझ्या जुन्या अक्षरात होतं. बारीक, वाकडं.

मी माझ्या नावावर केलेला कागद शेवटच्या दोरीवर सापडला. व्रणावरून ओळखला. मागचं नाव खोडलेलं होतं. नवं अजून लिहिलं नव्हतं. रबराचा चुरा कागदाला तसाच चिकटून होता.

घड्याळात एकाला एक मिनिट कमी होतं.

खाली ठोके थांबले. जिन्यावर चपला वाजल्या, सावकाश, एकेक पायरी.

मी दोरीमागे सरकलो. उजवा हात मात्र माझ्या मांडीवर, घरचं माणूस आल्यासारखा, हलकेच तारा छेडू लागला.