स्क्रूवरचा लाल ठिपका

दार ओढून घ्या, गारठा आत येतोय. हां... तर ही आपल्या बोखुममधल्या डेटलेफ कोवाल्केची गोष्ट. तुमच्यापैकी निम्म्यांनी जुने संगणक त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतले असतील. माणूस असा, की गिऱ्हाईक दारात दिसलं की आधी संशय, मग नमस्कार. माझ्या दुकानातून साधा स्क्रूड्रायव्हर न्यायचा, तोही उजेडात धरून निरखायचा.

अकरा नोव्हेंबर, शुक्रवार. रात्रीचे पावणेदहा. पोरांची कंदिलांची मिरवणूक केव्हाच पांगली होती. डेटलेफ हत्यारांची पेटी घेऊन श्टोबेबाईंकडे तिसऱ्या मजल्यावर पोचला. बाईंचा नवरा उवे फेब्रुवारीत गेला. मागे एक फ्लॉपी ठेवून गेला, वर बाईंचं नाव लिहिलेलं, 'गेर्लिंडेसाठी'. आत त्याचं शेवटचं पत्र. आणि त्याच्या जुन्या संगणकाचा ड्राइव्ह ती फ्लॉपी वाचेना.

"ड्राइव्हला कोणी हात लावलाय?" डेटलेफने विचारलं.

"कोणी नाही हो."

"नक्की?"

"अहो, चोरसुद्धा त्याला पावाचा डबा समजून सोडून जाईल!"

डेटलेफने झाकण काढलं, फ्लॉपी वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं. स्वतःची फ्लॉपी घातली, ती झटक्यात वाचली गेली. मग बाईंची घातली. खर्र... खर्र... खट. काही नाही.

त्याने डोळ्याला भिंग लावलं. हेड सरकवणाऱ्या मोटरचा स्क्रू. हलू नये म्हणून त्यावर आपण नेलपॉलिशचा ठिपका देतो ना, तसा लाल ठिपका कधीकाळी होता. तो कोणीतरी फोडला होता.

"बाई, खोटं बोलताय तुम्ही."

बाईंनी मान खाली घातली. "पुतण्या मार्चमध्ये कुणाकडे तरी घेऊन गेला होता. तिरका चालतो म्हणे. सरळ करून आणला."

"तिथंच घात झाला! उवेने तिरक्या ड्राइव्हवर लिहिलं, ते तिरक्यालाच वाचता येणार."

"मग करा की पुन्हा तिरका!"

"किती, ते फक्त त्यालाच ठाऊक."

तरी बसला. स्क्रू केसभर फिरवायचा, फ्लॉपी घालायची, खर्र ऐकायची. पुन्हा केसभर. पावणेबाराला पडद्यावर अक्षरं उमटली. बाई वाचू लागल्या तशी डेटलेफने पाठ फिरवली. मागून हसू ऐकू आलं. मग नाक ओढल्याचा आवाज.

"गाढव कुठला," बाई म्हणाल्या. "मेला तरी सॉसेजमधल्या लसणावरून भांडतोय."

"ठिपका द्यायला हवा. जरा धक्का लागला, तर पत्र पुन्हा गेलं. नेलपॉलिश द्या."

"नाही हो. ठिपक्याला माझीच बाटली वापरायचा उवे. त्याला पुरलं त्या दिवशी कचऱ्यात टाकली."

"उद्या आणतो. तोवर याला कोणी शिवायचं नाही." आणि बाईंचा भरवसा नको म्हणून पठ्ठ्याने विजेची वायर काढून खिशात घातली.

दोघं स्वयंपाकघरात कॉफी घ्यायला बसले. समोरासमोर.

खोलीतून आवाज आला. खर्र...

डेटलेफने खिसा चाचपला. वायर होती.

खर्र... खट.

"घरात कोण आहे?"

"कोणी..." बाईंचा कप बशीवर वाजला.

त्याने त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही टेबलावर. नखं कोरी.

तो उठला. खोलीत अंधार. दारातच वास आला. गोडसर, उग्र. ओळखीचा...

दिवा लावला. कोणी नाही. झाकण तसंच बाजूला. त्याने भिंग लावलं. वाकला.

स्क्रूवर लाल ठिपका होता.

बाई दारात उभ्या.

त्याने बोट टेकवलं.

ओला होता.