गुरुवारच्या भेटींचं शुल्क

तक्रारींच्या टेबलावरच्या बाई त्या दिवशी रजेवर नसत्या, तर आमची गाठ पडली नसती. टेबलावर पाटी बाईंच्या नावाची, खुर्चीच्या पाठीवर शाल बाईंची, आणि त्या खुर्चीत तो... लांब बोटांचा, बाह्यांची बटणं नीट लावलेला आणि चांगलाच घाबरलेला.

"बसा," तो म्हणाला. "आधीच सांगतो, मी बदली आहे. कर्ज विभागातून उचलून इथे बसवलंय. तक्रार फार अवघड नाही ना?"

"सोपी आहे." मी छत्री खुर्चीला टेकवली. तिच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. "लॉकर दोनशे चौदा. नऊ जादा भेटींचं शुल्क कापलंय. एकशे अठरा गुणिले नऊ, एक हजार बासष्ट रुपये. ते परत हवेत. लॉकर माझ्या आणि मावशीच्या नावावर आहे. मी कधीच आलेले नाही."

"मावशी आल्या असतील."

"मावशी आठ महिन्यांपूर्वी गेली."

"कुठे?" असं विचारून तो थांबला. मग त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. लिटमसचा कागद होतो तसे, अगदी एकसारखे. मला हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

मी त्याला बँकेचं उत्तर दाखवलं. या वर्षापासून लॉकरच्या वर्षाला बारा भेटी मोफत, पुढच्या प्रत्येक भेटीला शुल्क. 'ग्राहकाने भेटी दिल्याची नोंद आहे. शुल्क योग्य आहे.'

"मावशी गेल्याचं बँकेला कळवलं होतं?"

"फॉर्म घरी आहे."

"भरलेला?"

मी पर्सची चेन ओढली. तो नोंदींची यादी छापून आणायला उठला, आणि जाताना माझी ठिबकणारी छत्री उचलून बादलीत ठेवून गेला.

यादीत मावशी गेल्यानंतरच्या चौतीस नोंदी होत्या, त्यातल्या एकवीस या वर्षातल्या. सगळ्या मावशीच्या नावाच्या, सगळ्या गुरुवारच्या. आत येण्याची वेळ प्रत्येक वेळी अकरा चाळीस, बाहेर जाण्याची मात्र वेगवेगळी. मावशी हयात असताना दर गुरुवारी बँकेत जायची, हे मला माहीत होतं. इस्त्रीची साडी, पर्स, "आलेच गं तासाभरात."

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आकडे दिसले की मी आलेख काढते. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी चौतीस बिंदू मांडले. पहिल्या गुरुवारी वीस मिनिटं. मग बावीस. एकवीस. पंचवीस. शेवटच्या गुरुवारी अठ्ठावन्न. अधेमधे थोडं खालीवर, पण रेषा चढत जाणारी.

गेलेलं माणूस दिवसेंदिवस विरळ होत जातं, अशी माझी समजूत होती. ही तर दर आठवड्याला जास्त वेळ थांबत होती.

मी मावशीच्या खोलीचं दार लावून घेतलं. मग पुन्हा उघडलं. खरं सांगायचं तर मला ते पैसे परत नकोसे झाले होते. पैसे परत मिळाले, की मावशी आली नव्हती हे बँकेच्या शिक्क्यानिशी पक्कं होणार होतं.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत त्याचा फोन आला.

"बदली बोलतोय," तो म्हणाला. "तळघरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. तुम्ही या. मी एकटा पुन्हा बघणार नाही."

"घाबरलात?"

"आमच्या कर्ज विभागात भुतं येत नाहीत हो. हप्ते मागे लागतील म्हणून. त्यामुळे सवय नाही."

रोकड मोजायच्या खोलीमागे एक चिंचोळी जागा होती. दोन खुर्च्या, एक पडदा. आमचे खांदे लागत होते. दोघांनीही ते लक्षात आलं नाही असं दाखवलं. चित्रणाला आवाज नव्हता. तळघरातला बोळ, पंखा, आणि घड्याळात अकरा अडतीस.

लॉकर सांभाळणारे म्हातारे काका आले. त्यांनी घडीची खुर्ची मांडली आणि रुमालाने पुसली. संगणकावर काही टाइप केलं. अकरा चाळीस. मग ते समोर स्टूल ओढून बसले आणि रिकाम्या खुर्चीशी बोलू लागले.

त्यांनी मान डोलावली. एकदा तोंडावर हात धरून हसले. मग पुढे झुकले, कान थोडा तिरपा करून. हळू बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना आपण झुकतो तसे. घशाच्या ऑपरेशननंतर मावशीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

अठ्ठावन्न मिनिटांनी काकांनी पाय आत ओढून घेतले... कोणालातरी जायला वाट द्यावी तसे.

"तुमचा हात गार पडलाय," तो म्हणाला. तेव्हा मला कळलं की माझा हात त्याच्या हातात आहे.

"एसी आहे."

"एसी बंद आहे," तो म्हणाला. "पण असू दे... तसं समजू."

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं तळघरात उतरलो. पर्समध्ये लॉकरची किल्ली होती, आणि भरलेला फॉर्म. पायऱ्या उतरताना कोणीतरी मागून येत असल्यासारखा एक जादा पाय वाजत होता. मी थांबले की तो थांबायचा. प्रतिध्वनी असेल. तिथे भिंती लोखंडी आहेत.

खुर्ची मांडलेली होती.

"ये पोरी," काका म्हणाले. "बाईंची भाची ना तू? नाक तेच."

मला वाक्य तयार करून आणायला हवं होतं. "काका, मावशी... आठ महिने झाले. मावशी गेली."

पंखा फिरत राहिला. काकांनी चष्मा काढला.

"ठाऊक आहे गं," ते म्हणाले. "बाई दोन गुरुवार चुकवणाऱ्यातल्या होत्या का? पण कोणी येऊन सांगितलं नव्हतं. सांगितलं नाही तोवर धरून चालता येतं."

"मग नोंद कशी काय करायचात?" बदलीने विचारलं. प्रश्न बँकेचा होता, आवाज नव्हता.

"हे मशीन आधी नंबर मागतं, मग मुख्य किल्ली देतं. बाईंचे गुडघे धड नव्हते. त्यांना उभं राहायला लागू नये, म्हणून त्या जिना उतरायच्या आतच मी नंबर टाकून ठेवायचो. चौदा वर्षं. आता गुरुवारी अकरा चाळीस झाले की बोटंच चालतात."

"आणि बाहेर जायची वेळ?" मी विचारलं. "ती वाढत गेलीय."

"बोलून झालं की टाकतो." काका जरा लाजले. "पूर्वी वीस मिनिटं पुरायची. बाई बोलायच्या, मी ऐकायचो. आता दोघांचं मलाच बोलावं लागतं ना."

बदलीने तोंड फिरवून भिंतीवरची आग विझवायच्या नळकांड्याची सूचना वाचायला घेतली. बराच वेळ वाचत होता.

मी किल्ली पुढे केली. काकांनी आपली मुख्य किल्ली दोनशे चौदामध्ये फिरवली आणि सवयीने भिंतीकडे तोंड केलं. ग्राहकाच्या लॉकरमध्ये बघायचं नाही, हा नियम. मी माझी किल्ली फिरवून खण ओढला. तो इतका हलका होता, की माझा तोल गेला.

तळाला वर्तमानपत्राची एक घडी अंथरलेली. बाकी काही नाही. मी कागद उचलून पाहिला. धूळही नव्हती.

"काका, बघा."

"छे. आम्ही बघत नसतो."

"मी सांगतेय ना. बघा."

काका वळले. पुन्हा चष्मा लावून त्यांनी खणात पाहिलं, मग हात घालून चाचपलं, जणू डोळ्यांवर भरवसा नव्हता.

"रिकामा?"

"रिकामा."

"मग बाई दर गुरुवारी काय ठेवायला यायच्या?"

काका खुर्चीकडे पाहत राहिले. आणि एक चमत्कारिक गोष्ट, पंख्याची पाती तशीच फिरत होती, पण त्या क्षणी मला वाऱ्याची झुळूक लागली नाही. माझ्यात आणि पंख्यात कोणी उभं राहिल्यासारखं.

काकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं: 'नोंदी मी सवयीने केल्या. ग्राहक आले नव्हते. चूक माझी.' निवृत्तीला दोन महिने उरले होते, त्यामुळे समज देण्यावर भागलं. ते काही दिवस बहिणीकडे गेले. बदलीने सोमवारी मावशीचं नाव संगणकातून काढलं, आणि बुधवारी एक हजार बासष्ट रुपये परत आले. पैसे जमा झाल्याचा मेसेज मी तीनदा वाचला. तक्रार जिंकल्यावर इतकं रडलेली ग्राहक त्या बँकेत बहुधा मीच.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी बाराला मोबाइल वाजला. लॉकर भेट शुल्क. एकशे अठरा रुपये वजा.

मी पोचले तेव्हा तो बँकेच्या दारातच कागद घेऊन उभा होता. चेहरा पांढराफटक.

"तळघर आज उघडलंच नाही," तो म्हणाला. "किल्ली तिजोरीत आहे, मोहोर लावून. मोहरेवर सही माझी आहे."

"नोंद?"

"आत येण्याची वेळ अकरा चाळीस. बाहेर जाण्याची... नाही."

"कोणाच्या नावाने?"

"त्यांच्याच. मी काढून टाकलेल्या."

"कॅमेरा?"

"खुर्ची घडी करून भिंतीला लावलेली होती. अकरा एकेचाळीसला मांडलेली दिसते. मधलं एक मिनिटच नाहीये." त्याने श्वास घेतला. "तक्रार लिहायला घेतलीय. 'भेट झालीच नाही', असं लिहू ना?"

तो तक्रारींच्या टेबलापाशी बसला. मी समोर. तो पेन टेकवून वाट पाहत होता.

"थांबा," मी म्हणाले. "आधीच्या नोंदी काकांच्या चुकीच्या. त्या रद्द झाल्या ना?"

"झाल्या."

"मग या वर्षात खऱ्या भेटी किती? एक माझी, गेल्या गुरुवारची. आणि ही दुसरी. बारापर्यंत मोफत. तुमचं मशीन जुन्याच बेरजेत मोजत बसलंय. लिहा: भेट झाली. वर्षातली दुसरी होती. शुल्क चुकीचं आहे."

त्याने मान वर केली. "म्हणजे बँकेने पैसे परत केले, तर..."

"तर ती आली होती, हे बँकेने लेखी मान्य केलं."

त्याने नवा कागद पुढे ओढला.

"कर्ज विभागात," तो म्हणाला, "असं कोणी भेटत नाही." आणि लिहायला लागला. एकही शब्द त्याने गाळला नाही.

पुढच्या बुधवारी तो प्रयोगशाळेत आला, पत्र हातात घेऊन. मी नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते.

'आपली तक्रार योग्य आहे. सदर भेट मोफत भेटींमध्ये धरण्यात आली असून शुल्क परत करण्यात येत आहे. आपल्या दहा भेटी शिल्लक आहेत.' खाली शिक्का.

"हे पोस्टाने आलं असतं," मी म्हणाले.

"आलं असतं. काका कामावर आलेत, ते सांगायचं होतं. खुर्ची मांडलेली बघून त्यांनी काही विचारलं नाही. समोर स्टूल ओढलं आणि म्हणाले, आता मी गप्प बसणार, तुम्ही बोला."

"एवढंच सांगायला आलात?"

"नाही." त्याचे कान पुन्हा रंग बदलू लागले. "मला न सांगता चौदा वर्षं काढणं जमणार नाही. आणि लॉकरचं भाडं परवडत नाही. तेव्हा सरळच... मला तुम्ही आवडता. तक्रारींच्या बाईंच्या खुर्चीत बसलो त्या पहिल्या मिनिटापासून. झालं. आता जरा पाणी द्या." त्याने हाताला आली ती बाटली उचलली.

"ते पिऊ नका!" मी त्याच्या हातातून ती काढून घेतली. "गटाराशेजारच्या विहिरीचं आहे."

"हे उत्तर समजू?"

"उत्तर वेगळं आहे." मी बाटली खाली ठेवली, पण त्याचा हात सोडायचा राहून गेला. या वेळी गार तो होता.

"उद्या दुपारी मोकळ्या आहात?"

"उद्या गुरुवार. उद्या नको," मी म्हणाले. "तो दिवस त्यांचा आहे. शुक्रवारी या... अकरा चाळीसला. खुर्ची मी मांडून ठेवते."