ह्यॅसाहेबाचा कललेला दिवा

बस इथं, एक गोष्ट सांगतो. छोटी आहे, पण ऐकून झोप उडाली तर मला बोल लावू नकोस.

वेधशाळेत एक शास्त्रज्ञ होता. कुणी काही म्हणालं की नाक मुरडून आधी ‘ह्यॅ’. म्हणून पाठीमागं सगळे त्याला ह्यॅसाहेब म्हणायचे. तर वर आभाळात, या वेधशाळेवाल्यांच्या हिशेबानं अगदी शेजारीच, दीर्घिकांचं एक मोहोळ आहे. एकेक दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अख्खं राज्य, आणि अशा हजारो तिथं मधमाश्यांसारख्या घोंगावतायत. इतक्या जोरात, की कधीच उधळून जायला हव्या होत्या. दिसतं तेवढ्याच्या वजनानं काही त्या बांधून राहत नाहीत. बाकीचे म्हणायचे, तिथं न दिसणारं काहीतरी जड आहे.

“ह्यॅ. गणित जमलं नाही की भूत आणायचं,” हा म्हणायचा.

सगळ्यांची खोड मोडणारा लेख लिहायला तो घरातल्या मधल्या खोलीत बसला. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताईनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. बदल्यात ती त्याची बोलणी खायची.

एका दुपारी ती चहा घेऊन आली आणि वर बघत राहिली. “अरे, दिवा वाकडा लोंबतोय.”

“वारा असेल.”

“खिडकी बंद आहे.”

“मग तुझी मान वाकडी असेल.”

वायर खरंच कलली होती, रिकाम्या कोपऱ्याकडं. त्यानं बघितलं, ‘ह्यॅ’ केलं आणि परत खाली मान घातली.

मग पडदे तिकडं झुकायला लागले. कपातला चहा एका काठाला चढून बसायचा. टेबलावर पेन ठेवलं की घरंगळत निघालंच त्या कोपऱ्याकडं.

“मला या खोलीतनं बाहेर पडताना चढ लागतो रे,” ताई म्हणाली. “आपण हे घर सोडू.”

“चार घास कमी खा. चढ लागणार नाही.”

लेख संपत आला त्या सकाळी ताई झाडत झाडत कोपऱ्यात गेली.

“बाळा, हात दे. चढवत नाहीये.”

“नाटकं पुरे.”

“हात दे रे.”

“एवढं वाक्य संपू दे, ताई.”

वाक्य संपलं. दिसत नाही ते नसतं, असं वाक्य होतं.

तो वळला.

झाडू भिंतीला चिकटला होता, जमिनीपासून हातभर वर.

ताई नव्हती.

दिवा आणखी कलला होता. एका माणसाच्या वजनाएवढा.

त्यानं घर सोडलं. नव्या घरात दिवा टांगला, तो थेट त्याच्या खुर्चीमागच्या रिकाम्या जागेकडं कलला. त्यानं ‘ह्यॅ’ म्हणायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

काल तो इथं येऊन गेला. तू बसलायस त्याच खुर्चीत बसला होता, माझ्याशी चांगला तासभर बोलला.

मी काही वर बघत नाही. तूच बघ, दिवा सरळ लोंबतोय का. आणि नसला, तर बोलत बसू नकोस.

आधी मला हात दे.