निशिकांतचा बर्फ

सिंगापूरची थंडी म्हणजे काय, तर जानेवारीत काही दिवस सलग पाऊस लागतो, एसी बंद ठेवून झोपता येतं, आणि आमच्या ब्लॉकमधल्या आज्या लिफ्टमध्ये स्वेटर घालून उभ्या राहतात. एवढ्यावर समाधान मानणारी माणसं इथं सुखात राहतात. माझा नवरा त्यांतला नाही. निशिकांतला बर्फात पळायचं होतं.

तो पुण्याचा, मी ठाण्याची. बर्फ दोघांनीही पाहिला तो फ्रीजरमध्ये. पण जपानमध्ये, होक्काइदोतल्या कुठल्याशा गावात फेब्रुवारीत बर्फातली शर्यत असते, हे त्याला कळलं आणि त्यानं पासिर रिसमधल्या आमच्या पळणाऱ्या ग्रुपच्या मागे भुणभुण लावली. शेवटी सगळ्यांनी तिकिटं काढली. घरात तळाला काटे असलेले बूट आले. ते घालून तो हॉलमध्ये चालून बघायचा आणि माझ्या टाइल्सना चरे पाडायचा.

नोव्हेंबरात ऑफिसचा जिना चढताना त्याच्या छातीत कळ आली. स्टेंट बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पळा हळूहळू, पण गोठवणाऱ्या हवेत बिलकूल नाही, हृदयाला झेपणार नाही. आमच्या इरानं तर एका दमात निकाल लावला, "बाबा, कॅन नॉट ला. फुल स्टॉप."  बूट निशिकांतनं स्वतःच माळ्यावर ठेवले.

मी तांजोंग पगारला एका बँकेत जोखीम विभागात आहे. दुसऱ्यांचे धोके मोजण्याचा पगार मिळतो मला. नवऱ्याच्या बाबतीत सगळं शहाणपण गळून पडलं. तो झोपला की मी त्याच्या नाकाशी हात धरून बघायचे. भीती वाटायची, दुसरं काय.

आता आमच्या ग्रुपची एक पद्धत सांगायला हवी. आम्ही ओळीनं पळतो. पुढच्याला काही दिसलं, म्हणजे सायकल, ओली फळी, वाटेत पसरलेली घोरपड, की तो ओरडतो. मागचा तेच पुन्हा ओरडतो, आणि हाक अशी सरकत शेवटच्या माणसापर्यंत जाते. तो म्हणतो, "पोचलं!" त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट कुणाला ओलांडून पुढे जात नाही, आणि शेपूट येईपर्यंत बाकीचे चहाला तोंड लावत नाहीत. ग्रुप निशिकांतनं काढला आणि पहिल्या दिवसापासून शेपूटही तोच.

त्याच्याशिवाय मंडळी जायला निघाली. पण रुचिर, जो ओळीत सगळ्यांत पुढे असतो, त्याला राहवेना. निघण्याआधी घरी येऊन म्हणाला, "वहिनी, शेपूट दादाच. आम्ही फोन चालू ठेवतो. आम्ही तिकडे पळू, तुम्ही इकडे पळा. दादानं फक्त 'पोचलं' म्हणायचं."

"याला पोरखेळ म्हणतात," मी म्हणाले.

"म्हणू देत," निशिकांत म्हणाला. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

शर्यतीच्या सकाळी पार्कात नेहमीसारखंच उकडत होतं. समुद्र सपाट पडलेला, पलीकडे पुलाऊ उबिन बेट धुरकट. चांगीला उतरणारी विमानं इतकी खालून जात होती की त्यांची चाकं दिसावीत. पुलावर एक चिनी अंकल बादली शेजारी ठेवून गळ टाकून बसले होते. आम्ही धावायला लागलो आणि सुरूच्या झाडांपाशी पोचेपर्यंत माझा टी-शर्ट पाठीला चिकटला.

फोन निशिकांतच्या दंडाला बांधलेला, स्पीकर मोठा. त्यातून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि पाठोपाठ रुचिर: "डावीकडे ढिगारा!" मग त्याच्यामागचा यशोधन, "डावीकडे ढिगारा!" मग अनुया, धापा टाकत. आणि पासिर रिसच्या घामट हवेत माझा नवरा छाती भरून ओरडला, "पोचलं!"

ताई-ची करणाऱ्या बायकांचे हात हवेत थांबले. मला हसू आवरेना. तोही हसत होता, आणि त्याला तसं हसताना बघून मला रडूही आलं. घाम आहे असं दाखवून मी ते पुसलं.

खारफुटीतल्या लाकडी वाटेवर वळलो आणि फोन बंद पडला. रुचिरचा लागेना, अनुयाचाही लागेना. थंडीनं तिकडे बॅटऱ्या बसल्या असणार, मी म्हटलं. निशिकांतचा चेहरा पडला. तरी आम्ही पळत राहिलो, कारण घरी जाऊन तरी काय करणार होतो?

"उजवीकडे घसरडं!"

आवाज समोरून आला. वाट जिथं झाडीत वळते, तिथून. मी निशिकांतच्या दंडाकडे पाहिलं. फोनचा पडदा काळा होता.

"उजवीकडे घसरडं," दुसरा आवाज. मग तिसरा, बाईचा, धापा टाकत.

"पोचलं!" निशिकांत म्हणाला. त्यानं जराही विचार केला नाही.

असतील आपल्यातलेच कुणी हौशी, मी मनाशी म्हटलं. पासिर रिसमध्ये मराठी माणसांना तोटा नाही. मग माझ्या लक्षात आलं की रातकिडे थांबलेत. मानेवरचा घाम गार लागत होता. भरतीचं पाणी आलं असेल, त्यावरून वारा येत असेल. पण पानही हलत नव्हतं. चष्म्यावर धुकं धरलं. इथं चष्मा धुरकटतो तो एसीतून बाहेर उन्हात आल्यावर, आणि आम्ही तर मघापासून बाहेरच होतो.

"सविता," निशिकांत म्हणाला, "वास येतोय का तुला?"

येत होता. स्वच्छ, कोरा वास. त्याला दुसरं नाव मला माहीत नाही.

उजवीकडचा कठडा पांढरा दिसत होता. मी बोट फिरवलं आणि बोट बधिर झालं. खारफुटीची चिखलातून वर आलेली मुळं पांढरी झाली होती, आणि त्यांच्यामधून एक खेकडा तिरपा तिरपा चालत गेला, मागे बारीक रेघा सोडत. पायाखाली फळ्यांचा आवाज थांबून करकर वाजायला लागलं. वर पाहिलं तर आभाळ नव्हतंच, नुसता खाली येणारा बर्फ होता.

घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही. खरं सांगते, आयुष्यात इतकी मजा मला क्वचितच आली असेल. निशिकांत तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून पळत होता. मी वाकले, ओंजळभर बर्फ उचलला आणि नेम धरून त्याच्या पाठीत हाणला.

"अगं बये!" तो किंचाळला आणि त्यानं मला दुप्पट परत केला. एक दुसऱ्यांचे धोके मोजणारी बाई आणि एक स्टेंटवाला गृहस्थ, दोघं हाफ चड्डीत बर्फ खेळत होतो. थंडी लागत होती, पण ती अंगाबाहेरच राहत होती.

मग तो थांबला. माझ्याकडे वळला. भुवया, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"सविता, आज जरा पुढे जाऊ?"

डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं मला शब्दशः आठवलं. इराचंही. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याचा चेहरा बघितला. गेले तीन महिने मी ज्या माणसाच्या नाकाशी हात धरत होते, तो हा नव्हताच. हा मला लग्नाआधी भेटलेला.

"जा," मी म्हणाले.

तो गेला. काय सुंदर पळत होता! हात सैल, मान सरळ. वळणावर दिसेनासा झाला.

करकर ऐकू येत होती, लांब जात जात.

"पुढे पूल!" हा त्याचाच आवाज, सगळ्यांत पुढून.

"पुढे पूल!" रुचिर.

"पुढे पूल!" यशोधन. मग अनुया, अगदी जवळून, हात लांबवला असता तर लागली असती.

नंतर शांतता. कुणीतरी उत्तराची वाट बघत असल्यासारखी. आता शेवटची मी होते.

"पोचलं!" मी ओरडले.

पुढच्या पावलाला फळी वाजली. ऊन तोंडावर आलं, रातकिडे एकदम सुरू झाले, कुठंतरी रानकोंबडा आरवला.

पुलापलीकडच्या बाकावर निशिकांत बसला होता. मी धावत जाऊन त्याचे हात धरले. गार होते. माझेही होतेच. त्याला साधी धापसुद्धा लागली नव्हती, आणि मला इतका आनंद झाला की मी भर रस्त्यात त्याच्या गालाचा मुका घेतला. गळवाल्या अंकलनी आमच्या निथळत्या कपड्यांकडे पाहिलं. "आय्यो, यू टू फॉल इन द वॉटर आह?"

खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला गेलो. आल्याचा चहा घेतला, नारळाचा काया जॅम लावलेले टोस्ट घेतले. टेबलावर चांगलं ऊन पडलं होतं. निशिकांत दोन घोटांत कप संपवून दुसरा घेऊन आला आणि पुढच्या वर्षीचे बेत करायला लागला. मी हो हो म्हणत होते. मला सगळंच कबूल होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनुया होती.

"वहिनी, काय हे! निशिदादा येणार होता तर सांगायचं नाही का? पुलाजवळ ओलांडून गेला आम्हाला, माझ्या खांद्यावर थाप मारून! रुचिर तर रडायलाच लागला." मागे पुष्कळ माणसं हसत होती, कपबशा वाजत होत्या. "फक्त अजून आला नाहीये तो. शर्यत संपली, सगळे चहा समोर घेऊन बसलोय. थांबायचं ना?"

मी समोर पाहिलं. निशिकांत वाफाळत्या कपावर वाकून फुंकर घालत होता.

"काय म्हणतेय?" त्यानं विचारलं. इतका खूश होता.

"छान पळाले म्हणतेय," मी म्हणाले.

त्याच्या भुवईत काहीतरी चमकत होतं. मी हात लांब करून त्यातला एक कण बोटावर घेतला. घेतल्याबरोबर त्याचं पाणी झालं. त्याच्या भुवईतले बाकीचे कण चहाच्या वाफेत तसेच राहिले.