नऊशे कार्डांची शपथ

मंगळवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५, दुपारचे पाऊण. लातूर, औसा रस्ता, मलप्पा भोजनालय.

आत शिरायला एकच दार होते आणि ते माणसांनी बुजले होते. नांदेडच्या बसमधून नुकत्याच उतरलेल्या रेणुकाबाईंनी पिशवी छातीशी धरली आणि खांद्याने वाट काढायला सुरुवात केली.

“ओ मावशी, रांगेत या! आम्ही काय येडे म्हणून उभे हाव का?”

“मी जेवायला आले नाही बाबा. जेवणावळ थांबवायला आले आहे.”

गल्ल्यावर मलप्पा बसला होता. पुढे माणसे, पाठीला भिंत. गेले आठ दिवस तो त्या दीड हाताच्या जागेत खिळला होता. दार लावावे तर शपथ मोडते, उघडे ठेवावे तर भोजनालय मोडते.

ती शपथ त्याने स्वतःच छापून घेतली होती. रेणुकाबाईंनी समोरच्या ढिगातले एक कार्ड उचलून वाचले: ‘हे कार्ड आणणाऱ्यास एक ताट मोफत. इष्टलिंगाला स्मरून सांगतो, मी धाडलेले कार्ड घेऊन ३० नोव्हेंबरपर्यंत येणाऱ्या एकालाही विन्मुख पाठवणार नाही. आपला, मलप्पा.’ पलीकडच्या बाजूला पत्त्याची छापील चिठ्ठी चिकटवलेली होती.

रेणुकाबाईंनी नांदेडच्या टपाल छाननी कार्यालयात चौतीस वर्षे पत्रे निवडली होती. मलप्पाची बायको गुरम्मा ही त्यांची मुदखेडच्या शाळेतली मैत्रीण. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता: “रेणुका, उद्याच ये. आमचे हे सख्ख्या भावाला घराबाहेर काढून राहिलेत.”

तो भाऊ, वीरण्णा, मान खाली घालून ताटे वाढत होता.

“धाडली नऊशे,” मलप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आन परत आली तेराशे चाळीस! अजून बारा दिवस हायत. ह्याला कापडाचं दुकान टाकायचंय. म्हणून हे हाटेल बुडवून, जागा विकून हिस्सा मागायचा डाव हाय ह्याचा.”

“दादा, म्या न्हाई केलं.”

“मग भुतानं केलं? पत्त्यांची यादी दोघांकडंच हाय. एक तुझ्या मोबाइलात, दुसरी ह्या बजरंगभाऊंकडं.”

पंख्याखाली चहा पीत बसलेले बजरंगभाऊ हसले. नांदेडला त्यांचा छापखाना होता. टपालाने जाहिरात करण्याची युक्ती त्यांची. कार्डे त्यांनी छापली आणि पत्त्यांच्या चिठ्ठ्याही त्यांनीच पुरवल्या. कार्डांवर चिठ्ठ्या चिकटवून ती टपालात टाकण्याचे काम मात्र मलप्पाच्या घरच्यांनी केले. करारनाम्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिले होते की, परत येणाऱ्या प्रत्येक कार्डामागे छापखान्यास तीस रुपये सेवाशुल्क द्यावे. शेकडा पाचच परत येतात, असे तेव्हा बजरंगभाऊंनी सांगितले होते. आज ते शुल्क न्यायला आले होते.

“तुम्ही कार्डे किती छापलीत?” रेणुकाबाईंनी विचारले.

“नऊशे अकरा. चिठ्ठ्याही तितक्याच.”

“आणि टपालात किती पडली?”

“जितकी दिली तितकी! नऊशे अकरा. मलप्पा मोघम आकडा सांगतोय.”

रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या धिप्पाड गृहस्थाकडे रेणुकाबाई वळल्या.

“नाव?”

“व्यंकट. देवणीचा हाय.”

“कार्डावर तर साखराबाई लिहिले आहे.”

“मग? मिशा दिसून न्हाई राहिल्या का तुम्हाला?”

रांग खो खो हसली.

“कार्ड टपालाने आले?”

“न्हाई जी. बस स्टॅन्डवर एक जण वाटून राहिला होता. फुकट जेवा म्हणला.”

“साखराबाई!” पाणी वाढत असलेली गुरम्मा पुटपुटली. “आपल्याकडं दूध घालायची बिचारी. गुदस्ता गेली.”

रेणुकाबाईंनी तिला स्वयंपाकघरात नेले.

“चिठ्ठ्या कशाने चिकटवल्या?”

“खळीनं. म्याच केली की. पीठ शिजवलं, वरून मूठभर हळद टाकली, म्हणजे किडा लागत न्हाई. पातेलं दोन दिवस इथंच होतं. समद्यांची बोटं पिवळी!”

“छापली नऊशे अकरा, धाडली नऊशे. उरलेल्या अकरांचे काय?”

“ती माणसं लिंगैक्य झालेली. वीरण्णानं नावं वाचून बाजूला काढली. कार्डं कोरीच राहिली, त्यांवर म्या हिशेब लिहिते.”

“आणि त्या अकरा चिठ्ठ्या टाकून दिल्या?”

गुरम्मा दुखावली. “गेलेल्या माणसाचं नाव उकिरड्यात टाकत्यात व्हय? देवघरात डबीत ठेवल्यात.”

डबी घेऊन रेणुकाबाई बाहेर आल्या. ढिगातली वीस कार्डे त्यांनी गल्ल्यावर मांडली, चंचीतून चुन्याची डबी काढली आणि बोटाने प्रत्येक चिठ्ठीच्या कडेला ओला चुना लावला.

पहिल्या चिठ्ठीची कड लाल झाली. दुसरीची पांढरीच राहिली. तिसरी लाल. चौथी पांढरी, पाचवीही.

रांगेतले लोक गल्ल्याकडे वाकून पाहू लागले.

“हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे कोणत्याही बाईला ठाऊक असते,” रेणुकाबाई म्हणाल्या. “लाल झाली ती या घराच्या खळीने चिकटवलेली, पांढरी राहिली ती बाटलीतल्या डिंकाने. रोख पैसे भरून ढिगाने टाकलेल्या कार्डांवर टपालाचा शिक्का बसलाच पाहिजे असे नाही, त्यामुळे शिक्क्यावरून हा भेद कुणाच्या ध्यानात आला नाही.”

“म्हणजे वीरण्णानं डिंक वापरला,” बजरंगभाऊ चटकन म्हणाले.

“का म्हणून? लबाडी लपवायचीच होती तर खळीचे पातेले त्याच्या हाताशी होते. डिंकाकडे तोच वळेल, ज्याला त्या पातेल्याची खबरच नव्हती.”

“हा तर्क झाला. पुरावा कुठं हाय?”

रेणुकाबाईंनी देवघरातली डबी उघडली. आत अकरा चिठ्ठ्या होत्या, एकीच्याही पाठीला खळ लागलेली नव्हती. सर्वांत वरच्या चिठ्ठीशेजारी त्यांनी व्यंकटचे कार्ड ठेवले. दोन्हींवर एकच नाव होते, साखराबाई.

“ही चिठ्ठी या घराबाहेर पडलीच नाही. मग हे नाव बस स्टॅन्डवर कसे पोचले? कुणीतरी संपूर्ण यादी पुन्हा छापली म्हणून. ती वीरण्णाने छापली असती, तर ज्या मृतांना त्यानेच वगळले त्यांना जेवायला का बोलावले असते? नऊशे अकराच्या नऊशे अकरा धाडल्या, अशी ज्याची समजूत होती, तो या खोलीत एकच आहे. मघाशी त्याने आपल्याच तोंडाने आकडा सांगितला. आणि परत येणाऱ्या प्रत्येक कार्डामागे तीस रुपयेही त्यालाच मिळतात.”

बजरंगभाऊंनी दाराकडे पाहिले. दारात माणसे होती आणि एकही बाजूला सरायला तयार नव्हता.

“बसा की भाऊ,” व्यंकट म्हणाला. “घाई काय हाय? आम्ही बी तासभर उभे हाव.”

बजरंगभाऊंनी कप बशीवर टेकवला. “जास्तीची थोडीच छापली होती,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “इतकी माणसं येतील असं वाटलं न्हाई.”

आठ दिवसांत पहिल्यांदाच मलप्पा गल्ल्यावरून उठला. वीरण्णाच्या हातातले ताट त्याने स्वतःच्या हातात घेतले.

“आज जे रांगेत हायत, ते जेवूनच जातील. त्यांचा गुन्हा न्हाई. उद्यापासून दारात चुना ठेवायचा. माझी शपथ म्या धाडलेल्या नऊशे कार्डांना होती, तितकी म्या पाळीन. बजरंग, चोर तू हायस. आन वीरण्णा, चुकलो ते मी.”