एक एक फूट

ताडपत्री टाकून यायची, एवढंच काम होतं. तीन वर्षं झाली. सतरा नोव्हेंबर, मंगळवार, रात्रीचे सव्वादहा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच कुणी खिदळलं तर मी उठून झोपायला जाईन. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो कंत्राटदार माझ्या चांगल्या ओळखीचा. आयुष्यात एकदाच त्याने ती सांगितली, आणि तीही मला.

माणूस म्हणाल तर एक नंबरचा तुसडा. मजूर म्हणजे बैल, इंजिनियर म्हणजे पुस्तकातला किडा, बायको म्हणजे आमचा रेडिओ. देवाने अक्कल वाटली तेव्हा रांगेत आपण एकटेच होतो, अशा थाटात वावरायचा. मला तो कधीच आवडला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

टेकडीच्या उतारावर एका नर्सबाईचं घर होतं. घरामागे डोंगर कापलेला. तो अंगावर येऊ नये म्हणून चौदा फुटी भिंत होती, ती फुगली, तडकली. उतरवून नवी बांधायचं काम याला मिळालं. भिंत उभी राहिली. आता तिच्या पाठीमागची पोकळी भरायची होती, आणि खरी मेख तिथेच असते. भिंत चारचौघांना दिसते, भराव कुणालाच दिसत नाही.

त्याच्याकडे एक म्हातारा गवंडी होता. त्याचं म्हणणं, तळाला आधी दगडगोटे टाका, म्हणजे पाणी भिंतीतल्या नळ्यांवाटे बाहेर निघेल. मग माती टाका, पण फुटाफुटाच्या थराने. प्रत्येक थर धुम्मसने ठोकून घ्या, आणि दर दोन फुटांवर जाळी अंथरून भिंतीत अडकवा. धुम्मस म्हणजे माती ठोकायचं ते लांब दांड्याचं जड लोखंड. "शेठ, एक एक फूट," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा. कंत्राटदाराने त्याचं नाव ठेवलं फूटपट्टी.

शेवटी सगळ्यांदेखत त्याला हाकलला आणि विटांचे तुकडे, चिखल, सिमेंटच्या फाटक्या गोण्या, सगळं एका दमात भिंतीमागे ओतलं. वर जाळीचा एक पट्टा, फोटोपुरता. बाईंनी विचारलं, माझी आई भिंतीलगतच्याच खोलीत झोपते, हे असं चालेल ना? तर म्हणाला, "बाई, तुम्ही सलाईन लावा. भिंतीचं मी बघतो."

आठवड्याभरात फूटपट्टी गेला. छातीचं जुनं दुखणं. निरोप आला तेव्हा हा दाढी करत होता. "बरं झालं, एक कटकट गेली," म्हणाला, आणि दुसऱ्या गालाला साबण लावला.

त्या मंगळवारी अवेळी आभाळ भरून आलं. बुधवारी इंजिनियर तपासणीला येणार होता. भराव भिजून खचला तर बिंग फुटेल, म्हणून ताडपत्री. मजुरांना फोन केले, एकानेही उचलला नाही. मग शिव्या देत हा एकटाच गेला. नर्सबाई रात्रपाळीला होत्या. म्हातारी आत झोपलेली, ठार बहिरी.

कडेच्या पायऱ्यांनी तो भिंतीच्या माथ्यावर चढला. ताडपत्री पसरली. एका कोपऱ्यावर दगड ठेवला, दुसऱ्या कोपऱ्याकडे वळला, आणि खालून आवाज आला.

धप्.

म्हातारीने काहीतरी पाडलं असेल, त्याला वाटलं.

धप्... धप्.

आवाज घरातून येत नव्हता. भरावातून येत होता. मन लावून काम करणाऱ्या माणसासारखा, एका लयीत.

मोबाईलचा उजेड टाकला तर ताडपत्री मधोमध झोळीसारखी लोंबत होती. उचलून बघितली. भराव कमरेइतका खाली गेला होता. तळ सपाट, फरशीसारखा घट्ट. त्यावर जाळी. चारी बाजूंनी नीट ताणून भिंतीत अडकवलेली.

तुम्ही-आम्ही तिथून पळ काढला असता. हा हसला. त्या बैलांचंच हे काम, मला घाबरवतायत, असं त्याने ठरवून टाकलं. एकेकाची हाडं खिळखिळी करतो म्हणाला, आणि आत उतरला.

आत कुणी नव्हतं.

कोपऱ्यात धुम्मस उभी होती. टेकू नाही, आधार नाही. नुसती उभी. त्याने दांड्याला हात लावला. दांडा... कोमट होता. आत्ताच कुणीतरी सोडल्यासारखा.

मोबाईल विझला.

वर चढायला त्याने हात टाकला. मघाशी कमरेला लागणारी कड आता छातीशी होती. पुन्हा टाकला. डोक्याशी. तिसऱ्यांदा हाताला कड लागलीच नाही.

तो ओरडला. ऐकणार कोण...

मग वरून आवाज आला. ना राग, ना हसू. रोज कामावर बोलतात तसा.

"शेठ. एक एक फूट."

पाऊस सुरू झाला.

पुढचं त्याला आठवत नाही.

सकाळी सहा वाजता नर्सबाई घरी आल्या, त्या चालत. रात्री डोंगर दोन ठिकाणी घसरून रस्ता बंद झाला होता. त्या तशाच घरामागे धावल्या. भिंत जागच्या जागी. तळाच्या सगळ्या नळ्यांतून नितळ पाणी पडत होतं. म्हातारी आत घोरत होती. आणि भिंतीच्या माथ्यावर हा बसलेला, चिखलाने माखलेला, समोर बघत. भराव काठोकाठ, पाट्यासारखा सपाट.

दुपारी इंजिनियर आला. त्याने भरावात सळई घालून पाहिली, वीतभरही आत जाईना. असं काम हल्ली कोण करतं, म्हणाला. कंत्राटदार म्हणजे दुसऱ्याच्या कामाचंही श्रेय खिशात घालणारा माणूस, पण हे श्रेय त्याने घेतलं नाही.

दोनच दिवसांनी त्याने मला हे सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. शुद्ध थापा, म्हटलं. त्याने दोन्ही तळवे दिव्याखाली धरले.

फोड असते तर मी समजलो असतो. रात्रभर दांडा चालवला की फोड येतात, चार दिवसांत जातात. फोड नव्हते. घट्टे होते. पिवळे, जाड, लाकडासारखे. चाळीस वर्षं कष्ट केल्याशिवाय तसे पडत नाहीत.